सवलतीचं घर

४ फेब्रुवारी

प्रिय मिरे,

अनेक आशीर्वाद.

फोन का नाही केला म्हणून ओरडू नकोस. फोनवर तुझ्या मागे बसचे हॉर्न, माझे हात प्लास्टरने माखलेले, आणि आपण दोघी एकदम बोलतो. शिवाय जे झालंय ते मला सावकाश, दातओठ खात लिहायचंय.

तुझा दादा गेल्यानंतर भाडेकराराचं हे पहिलंच नूतनीकरण. काल थोरल्या मालकांचा लाडोबा स्वतः कागद घेऊन वर आला. थोरले मालक असते तर आधी खालून हाक मारली असती. हा सरळ आत आला, दादाच्या खुर्चीत बसला आणि पाय पसरून म्हणाला, "सही करून टाका वहिनी, नेहमीचंच आहे."

नेहमीचं नव्हतं. सवलत काढलीय.

तू या घरात वाढलीस, तुला माहीत आहे. सरकारने या इमारतीला जास्तीत जास्त जे भाडं ठरवून दिलंय, ते आपण कधीच दिलं नाही. समोरचा कारखाना बंद पडला, लोक सामान बांधून निघाले, जिन्यात दिवा लावायलाही माणूस उरला नाही, तेव्हा थोरले मालक तुझ्या बाबांपुढे हात जोडून उभे राहिले होते. "निम्मं द्या, पण राहा." तीच सवलत पुढे दादाच्या करारात आली. आता खाली कॉफीचं दुकान निघालंय आणि लाडोबाला एकदम आठवलं की कायद्याने तो दुप्पट घेऊ शकतो. म्हणतो, "सवलत दादाला होती. दादा गेला, सवलत गेली."

दुप्पट मला झेपणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्याला भाडं नकोच आहे, मी जायला हवीय. आणि मी कुठे जाऊ? माझं टेबल उत्तरेच्या खिडकीशी आहे. कवळीच्या दातांचा रंग त्या उजेडाशिवाय जुळत नाही. याच उजेडात मी अर्ध्या गावाला हसायला शिकवलंय.

मी सही केली नाही. चहाही विचारला नाही. जाताना तो खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाला, "जुनी झाली हो ही." मिरे, मला तो माणूस रडलेला बघायचाय.

तुझी
वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र डेपोत वाचलं. दोन फेऱ्यांच्या मध्ये. दुसऱ्या फेरीत मी इतके ब्रेक मारले की एक म्हातारे म्हणाले, "बाई, बस चालवताय की कुणाला मारताय?"

लाडोबा! अगं, आम्ही एका जिन्यावर वाढलो. घसरगुंडीवर रांग मोडून पुढे घुसला म्हणून मी त्याचा पुढचा दात पाडला होता. आईने मला मारलं आणि थोरल्या मालकांनी मला बिस्किटं दिली. तेव्हाच सगळे पाडायला हवे होते.

पण वहिनी, एक सांगू? तो वाईट नाही, लाडावलेला आहे. त्याला कुणी नीट समजावून सांगितलं तर ऐकतो. तू उगाच लगेच कचेरीच्या पायऱ्या चढू नकोस. मी बघते काय करता येतं.

खुर्ची मात्र गच्चीवर नेऊन ठेव. किंवा तिच्यावर टाचण्या पेर.

तुझी
मिरी


८ मार्च

प्रिय मिरे,

काय बघितलंस ते कळलं नाही, पण आता बघायचं काही उरलं नाही. भाडे कचेरीत अर्ज देऊन आले. भाडेकरू संघटनेच्या वकीलबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, साधी गोष्ट आहे. भाडेकरू वारला, तर शेवटची दोन वर्षं त्याच्यासोबत त्याच घरात राहिलेल्या घरच्या माणसाकडे घर जातं, आहे त्या भाड्याने. सवलतीसकट. तुम्ही तर बायकोच.

मीही निर्धास्त होते. काल लाडोबाचं उत्तर आलं. त्यात लिहिलंय की त्या दोन वर्षांतलं जवळजवळ एक अख्खं वर्ष मी नवऱ्याला सोडून दुसऱ्या गावी राहत होते. "पती-पत्नी विभक्त होते." छापील अक्षरात.

मिरे, मी ते वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

ते वर्ष तुझं होतं, मी तुझ्याकडे होते. इथे सगळ्यांना आपण काय सांगितलं होतं? दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात काम मिळालंय म्हणून गेले. तुझ्या डेपोत कावीळ सांगितली. खरं फक्त तिघांना माहीत होतं, त्यातला एक गेला. तरी मी इतके महिने घरात नव्हते हे लाडोबाला कुणी सांगितलं? तो तर तेव्हा इथे राहतही नव्हता.

मला माहीत आहे कुणी. समोरच्या बाई. निवृत्त झाल्यापासून त्यांचा एक डोळा दाराच्या भोकाला चिकटलेला असतो. मी बॅग घेऊन निघाले तेव्हाही दार किलकिलं होतं. आणि आता लाडोबाने त्यांच्या न्हाणीघराला नव्या फरशा बसवून दिल्यात. फुकट.

मागच्या आठवड्यात त्यांची खालची कवळी तडकली. वाटी घेऊन दारात उभ्या. "तेवढी चिकटवून द्याल का हो?" म्हटलं, "कामं फार आहेत, पुढच्या आठवड्यात या." आज परत आल्या. परत पुढचा आठवडा सांगितला. दुधात बुडवून पाव खातायत. खाऊ देत.

आता ऐक. आज दवाखान्यातून नवे ठसे आले. त्यात एक वरच्या जबड्याचा. चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि माझे हात थांबले. लाडोबा! वरचे सगळे काढलेत. त्याचं तोंड प्लास्टरमध्ये माझ्या टेबलावर पडलंय, मिरे. उघडं.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. त्याला तिथे बोलायचंय. आणि दात मी करणार.

तुझी
वहिनी


१५ मार्च

वहिनी!

हे वाचून मी एवढी हसले की कंडक्टरने पाणी आणून दिलं.

उंच बसव. केसभर, जास्त नाही. "तुम्हाला सवय होईल" म्हणून डॉक्टर पाठवून देतील आणि तो प्रत्येक घासाला गाल चावेल. नाहीतर पुढचे दोन दात जरासे आत घे, म्हणजे सुनावणीत शिट्टी वाजेल. मी तिथे नसेन, पण ऐकू येईल मला. आणि रंग पिवळा दे, जुन्या पियानोसारखा. सगळ्यांदेखत कवळी घसरून टेबलावर पडावी असं काही करता येतं का? तू कलाकार आहेस, तुला सुचेल.

बाईंचं जाऊ दे गं. त्यांचं वय झालं. त्यांनी मुद्दाम सांगितलं असेल असं वाटत नाही मला. कवळी करून टाक त्यांची.

डेपोत नवे साहेब आलेत. दर महिन्याला डोळे, कान, रक्तदाब. सगळ्यांच्या जुन्या फायली काढतायत. बाकी ठीक.

तुझी
मिरी


२ एप्रिल

प्रिय मिरे,

तीन गोष्टी.

लाडोबाची कवळी झाली. उंच बसवली होती, खरंच. मेणावर दात लावताना केसभर उंच ठेवले आणि दिवसभर मजेत होते. मग संध्याकाळी जबडा मिटवून बघितला. वरचे खालचे भेटत नव्हते. भांडलेल्या माणसांसारखे नुसते समोरासमोर उभे. मला बघवेना. माझ्या हातून असं काम बाहेर गेलेलं नाही, आणि याच्यासाठी का जावं? मेण तापवलं, सगळे दात काढले, परत लावले. इतके सुंदर बसलेत की त्याच्या आईने दिलेले याच्यापुढे कच्चं काम. शिव्या दे मला. मलाही माझा राग आलाय.

बाईंची कवळी अजून तशीच आहे. तिथे माझा हात मऊ पडत नाही.

तिसरी गोष्ट. वकीलबाई म्हणतात, आजारी माणसाच्या शुश्रूषेसाठी बाहेर राहिलेला काळ वजा धरत नाहीत. तो घरात राहिल्यासारखाच. फक्त ज्याची शुश्रूषा केली त्याने येऊन सांगायला हवं. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. तुला विचारते आहे.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

रागावू नकोस. मी येऊ शकत नाही. तिथे बोललेलं नोंदवून घेतात, आणि नोंदवलेलं कुठेही पोचतं. काय झालं होतं हे डेपोला कळलं तर मला परत गाडीवर बसू देणार नाहीत. बस सोडून मला काही येत नाही. ती नसती तर मी आज उठलेली नसते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

दुसरा काही मार्ग असेल. वकीलबाई हुशार आहेत.

मिरी


२२ एप्रिल

मिरी,

सुनावणी झाली.

छोटी खोली, पंखा, सर्दी झालेल्या अधिकारी बाई. लाडोबा नवा सदरा घालून आला होता. नवे दातही. तो बोलायला लागला आणि मी ऐकत राहिले, कारण एक अक्षर निसटत नव्हतं. पंचवीस वर्षं कवळ्या करतेय, इतकं स्वच्छ बोलणं मी कुणाच्या तोंडात घातलेलं नाही.

तो म्हणाला, "बाई चार दिवसांच्या पाहुणचाराला जात नव्हत्या. जाताना स्वतःची उशी घेऊन गेल्या. जी बाई उशी घेऊन जाते, ती परत यायला जात नाही."

अधिकारी बाईंनी वर बघितलं. लिहून घेतलं.

मिरी, माझी मान धरते म्हणून मी माझी उशी नेली होती. बॅगेत, कपड्यांच्या खाली. समोरच्या बाईंना भोकातून बॅग दिसली असेल, उशी कशी दिसणार? दादा ऑफिसात होता, त्यालाही मागून कळलं. बॅग उघडली ती तुझ्या घरात, तुझ्या पलंगावर. मी उशी काढली तेव्हा तू पहिल्यांदा बोललीस, इतक्या दिवसांत. म्हणालीस, "उशी आणलीस म्हणजे राहणार आहेस ना?"

ते वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला ते माझ्याजवळच ठेवायचं होतं.

मी केलेल्या दातांनी त्याने ते तुझ्याकडचं उचलून माझ्या तोंडावर फेकलं.

मी तुझ्या दादाला एकटं ठेवून आले होते. तो स्वतःच म्हणाला, जा. त्याच्या आयुष्याचं शेवटून दुसरं वर्ष होतं ते, आपल्याला कुणाला माहीत नव्हतं. मी ते तुला दिलं. तू ते लाडोबाला दिलंस. आणि मी बाईंना दुधात पाव भिजवून खायला लावत होते तेव्हा तुला सगळं माहीत होतं. तू मला दात पिवळे करायला सांगत होतीस.

पुढची सुनावणी १६ मेला आहे. मी तुला "ये" म्हणून विनवणार नाही. ये, आणि सगळं सांग. सगळ्यांदेखत, त्याच्यादेखत, नोंदवून. माझी हीच इच्छा आहे आणि ती प्रेमातून आलेली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते.


२ मे

वहिनी,

तुझं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसते आणि फाडते.

मीच बोलले. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात फोन केला त्याला. वाटलं, एका जिन्यावर वाढलोय, ऐकेल. म्हटलं, तिला घालवू नकोस रे, अशी माणसं मिळत नाहीत. मला बरं नव्हतं तर दादाला ठेवून वर्षभर माझ्याकडे राहिली, येताना स्वतःची उशी घेऊन आली. तो म्हणाला, "काय झालं होतं तुला?" म्हटलं, कावीळ. तो म्हणाला, "कावीळ वर्षभर?" आणि हसला. मीही हसले. त्याने आईची, घसरगुंडीची आठवण काढली. फोन ठेवताना मला वाटत होतं, जमलं.

मी तुझी स्तुती करत होते, वहिनी. अर्धीच केली. तुझ्या अंगाशी येईल ती अर्धी सांगितली, आणि तुला वाचवेल ती माझ्याजवळ ठेवली.

तुझं बाईंबद्दलचं पत्र आलं आणि मला कळलं, हे माझ्याकडून गेलंय. तेव्हाच सांगायला हवं होतं. विनोद करणं सोपं होतं.

१६ ला येते. तुझ्याकडे उतरणार नाही.

मिरी


२० जून

वहिनी,

तुला कळवायला हवं म्हणून. साहेबांनी बोलावलं होतं. त्यांच्याकडे कागद आला होता, कचेरीत मी जे बोलले त्याचा. कुणी पाठवला ते म्हणाले नाहीत. त्यांनी आवाज चढवला नाही, चहा दिला, आणि गाडीची किल्ली काढून घेतली. आता मी खिडकीवर पास देते. येणारे म्हणतात, "अरे, तुम्ही इथे?" मी म्हणते, बढती झाली.

माझी गाडी नव्या पोराला दिलीय. दुसऱ्या गिअरला खरखर करते ती, हळूच दाबावा लागतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "हो मावशी."

निकाल तुझ्या बाजूने लागावा एवढंच हवंय मला. मी तक्रार करत नाहीये.

मिरी


२८ जून

प्रिय मिरे,

निकाल आला. जिंकलो. तेच घर, तेच भाडं, आणि आदेशात लिहिलंय की हे घर आपल्या घरच्यांकडे राहील तोवर सवलत चालू राहील. मालकाची लहर म्हणून ती बंद करता येणार नाही.

त्या दिवशी आपण एकमेकींशी बोललो नाही. तू मुद्दाम गणवेश घालून आली होतीस, कडक इस्त्रीचा. लाडोबा तुला बघून उठायला लागला आणि परत बसला. तू अधिकारी बाईंना म्हणालीस, "मी आठ महिने अंथरुणातून उठत नव्हते. आंघोळ नाही, जेवण नाही. केसांचा गुंता सुटेना म्हणून हिने कात्रीने कापले. मला जगायचं नव्हतं. ही रात्री माझ्या पायाशी झोपायची, मी उठून कुठे जाऊ नये म्हणून. स्वतःच्या उशीवर." मग कुणी विचारलं नसताना म्हणालीस, "मी बस चालवते."

मला वाटलं होतं, तुला तिथे उभी बघून माझं पोट भरेल. मी आले होते तशीच भुकेली घरी गेले.

पण तुझं विसाव्या तारखेचं पत्र वाचल्यावर मात्र माझा राग आपल्या योग्य जागी आला. आता पुढचं ऐक, हे तुला आवडेल.

नवी कवळी पहिले काही महिने टोचतेच. हिरडी बसते, कुठेतरी घासतं. परवा लाडोबा दवाखान्यात ओरडत गेला, डॉक्टरांनी त्याला इकडे पाठवला. तो दारात आला. त्याच्या हातात नूतनीकरणाचा कागदही होता, आदेशाप्रमाणे सही करून द्यायचा. मी म्हटलं, "बसा मालक. तिथे नाही. त्या स्टुलावर."

कवळी काढून माझ्या हातात दिली. मिरे, दात नसलेला माणूस किती लहान दिसतो! ओठ आत गेले, हनुवटी वर आली. घसरगुंडीवर तू दात पाडलास तेव्हा असाच दिसला असेल.

मी कवळी उजेडात धरली. कुठे टोचतंय ते लगेच दिसलं. कानशीचा एक हात फिरवला की संपलं. मी कानस उचलली नाही.

"डेपोला कागद कुणी पाठवला?"

"वहिनी, दाख द्या ना."

"कुणी पाठवला?"

"वकिवाने..."

"नीट बोला हो मालक, मला कळत नाही."

तो इकडेतिकडे बघायला लागला. समोरच्या बाईंचं दार उघडं होतं, आणि आमचंही. बाई दारात उभ्या होत्या, नव्या चिकटवलेल्या कवळीसकट, हाताची घडी घालून. (त्यांच्याकडे मी आधीच जाऊन आले. काय बोलले ते आमच्या दोघींत राहू दे. फरशांचे पैसे त्यांनी स्वतः दिले होते.)

"मीच पाखवला," तो म्हणाला. "लागावलो होतो."

"आता मोठ्याने म्हणा. बाईंना ऐकू येत नाही."

त्याने म्हटलं. मग त्या तोंडाने, त्या स्टुलावर बसून त्याने कागदावर सही केली. त्यानंतर मी कवळी तासली. छान, गुळगुळीत तासली. त्याने ती घातली, जीभ फिरवली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं त्याला. मला तो रडलेला बघायचा होता ना? बघितला. ही कवळी काही वर्षांनी सैल होईल, परत माझ्याकडेच येईल. त्याचं तोंड आता कायम माझ्या टेबलावर आहे.

पण एवढ्यावर मी त्याला सोडणार नाही.

त्या कागदावर एक रकाना आहे, "सोबत राहणारी घरची माणसं." त्याने सही करण्याआधी मी त्यात तुझं नाव लिहिलं. तो वाचून म्हणाला, "ही तर इखे राहत नाही." म्हटलं, "राहणार आहे."

मिरे, हिशोब समजून घे. मी अजून बरीच वर्षं जगणार आहे, रागावर माणूस छान जगतं. तू दोन वर्षं माझ्यासोबत राहिलीस की माझ्यानंतर त्याच नियमाने घर तुझ्याकडे जाईल, आहे त्या भाड्याने, सवलतीसकट. तू माझ्याहून लहान आहेस आणि चिवट आहेस. त्याच्या मुलांचे केस पिकले तरी या खिडकीत आपलेच कपडे वाळत असतील. माझ्यानंतरही हा सूड चालू राहायला माणूस हवंय आणि दुसरं कुणी माझ्याकडे नाही.

तेव्हा ये. क्षमा केली म्हणून बोलावत नाहीये, अजून केलेली नाही, इथे आल्यावर समोरासमोर भांडू. शिक्षा म्हणून ये. तुझी जुनी खोली झाडून ठेवलीय. वकीलबाई म्हणतात की बरा झालेला माणूस परत गाडीवर बसू शकतो, डॉक्टरने लिहून दिलं तर, आणि न दिलं तर त्याविरुद्धही अर्ज असतो. अर्ज करायला मला आता मजा येते. इथेही डेपो आहे.

दिवसाढवळ्या ये, लाडोबा खाली दुकानाशी उभा असतो तेव्हा. बॅग रिक्षातून आली तरी चालेल.

उशी मात्र हातात धरून ये. त्याला दिसेल अशी.

तुझी
वहिनी